फी माफ झाल्यावर घरातून किती?

कॉलेजांची यादी लॉक करायचं, म्हंजे कायमची पक्की करायचं, बटन दाबायच्या आधी मी अजूनबी ती तीनदा वाचते. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढचं वाचून कुनी म्हनू नये की बाई लई हुशार हाय. हुशार न्हाई. बारावीच्या वर्साला लगीन झालं, परीक्षेला बसलेच न्हाई, आनि आता जामखेडला एसटी स्टँडच्या मागं ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसून दुसऱ्यांच्या लेकरांना कॉलेजं भरून देते. पायाशी माजी लेक परी खेळत असती, अडीच वर्साची. तिनं एकदा वायरीचा प्लगच उपटला हुता, एका पोराचा फॉर्म अर्ध्यात, तवा त्या पोराचा बाप आनि मी एकदमच वरडलो. फॉर्म वाचला. पन तवापसून माजा एक डोळा स्क्रीनवर आनि एक टेबलाखाली.

ह्या अंकाचे संपादक पानं छापायला आमच्याकडंच येत्यात. म्हनले, तुज्या कामाचं लिही, बोलतीस तसंच लिही, नीट करू नको. मी म्हनले, कोन वाचनार? त्ये म्हनले, ज्याच्या घरात बारावीचं लेकरू हाय त्यो परत्येकजन वाचंल. म्हनून लिवतीय. चुकलं तर त्यांचं बी हाय.

दुकान अन्नादादांचं. दादा माज्या नवऱ्याचे चुलतभाऊ. त्यांनीच मला हे शिकवलं, कारन त्यांना सातबारा, दाखले, पॅनकार्ड ह्यातनं सवड न्हाई, आनि जून-जुलैला तर दुकानात पाय ठिवायला जागा नसती. आमचं काम बाहेरून बगनाराला वाटतं टाईप करायचं हाय. टाईप करायचं थोडंच असतं. खरं काम तीन गोष्टींचं. लेकराला मार्क किती पडले, त्या मार्कावर कुठं लागू शकतं, आनि फी माफ झाल्यावर घरातून किती जानार. पहिल्या दोन गोष्टी समदे इचारत्यात. तिसरी इचारायला लोकं लाजत्यात, न्हाईतर त्यांना वाटतं ती इचारायची गरजच न्हाई, माफ म्हंजे माफ.

आधी मार्काचं सांगते. इंजिनेरिंगच्या सीईटीचा, म्हंजे प्रवेश परीक्षेचा, निकाल टक्क्यात येत न्हाई, पर्सेंटाइलमधी येतो. एक भाऊ पेढ्याचा बॉक्स घिऊनच दुकानात आले, पोराला सत्तावन्न पडलेत, फर्स्टक्लासच्या जवळ गेला म्हनले. पोरगं मागं मान खाली घालून उबं. त्याला म्हाईत हुतं. मी पेढा हातात धरून बसले, खावा का ठिवावा कळंना. मंग मी सांगितलं, भाऊ, शंभर पोरं रांगेत उभी केली, तर तुमच्या पोराच्या मागं सत्तावन्न, बाकीची म्होरं. भाऊंनी जरा इचार केला आनि म्हनले, "म्हंजे निम्म्याच्या म्होरं हाय की!" आनि दुसरा पेढा दिला. मला त्यो मानूस आवडला. त्याच हप्त्यात एक पोरगं एक्क्यान्नव पडले म्हनून रडत बसलं हुतं, कारन शेजारच्याला चौऱ्यान्नव. त्याच्या आईला पेढा दिऊनबी तिनं घेतला न्हाई.

आमी दोन वर्सं नगरला सावेडीत भाड्यानं ऱ्हायलो, नवऱ्याचा टेम्पो तवा तिकडं चालायचा. तिथंबी मी अशाच दुकानात बसायचे. तिकडच्या आया स्कूटरवरून यायच्या आनि पयला प्रश्न असायचा, प्लेसमेंट किती? इकडं जामखेडला पयला प्रश्न असतो, मेस किती? माज्या हिशेबानं दोगीबी बरोबरच इचारत्यात. एकीला शेवट दिसतो, दुसरीला उद्याचं जेवान.

आता यादीचं. मार्क आले की कॉलेजांची नावं आपल्याला पायजे त्या क्रमानं भरायची असत्यात. कॉम्प्युटर वरून बगत येतो. तुमच्या मार्काला पयलं बसलं तर पयलं, न्हाई तर दुसरं, न्हाई तर तिसरं. आनि पयल्या फेरीत पयलंच नाव लागलं तर मंग झालं, तेच घ्यायचं, त्येच्या म्होरच्या फेरीत तुमाला जागा न्हाई. आनि हितंच आमच्याकडची लोकं फसत्यात. कारन आमच्याकडं एसटी आली की खिडकीतनं आधी रुमाल टाकायची सवय. जागा हक्काची धरायची, मंग बसायचं का न्हाई त्ये बगू. तसंच यादीत करत्यात. जे नक्की लागनार हाय, जवळचं, कमी मार्काचं, ते एक नंबरला टाकत्यात, आनि मोठं कॉलेज खाली, "लागलं तर बगू" म्हनून. एका पोरानं घरीच मोबाईलवर असं भरलं, पुन्याचं चांगलं कॉलेज लागत असताना तालुक्याशेजारचं एक नंबरला. तेच लागलं. मंग माज्याकडं आला, म्हनला ताई, आता वरचं कसं घ्यायचं? कसंच न्हाई. त्यो बराच येळ खुर्चीत बसून ऱ्हायला, मागं लोकं उभी, आनि मलाबी त्याला ऊठ म्हनवंना.

फीचं असं हाय की पोरींना आता शिकवनीची फी माफ हाय, परीक्षेची माफ हाय, उत्पन्नाचा दाखला आनि बाकीचे कागद असले, आनि सरकारी यादीतनं ॲडमिशन झालं, तर. गावात हे पोचता पोचता "पोरींना इंजिनेरिंग फुकट" एवढंच पोचतं. मी लोकांना सांगते, शिकायचं फुकट हाय. ऱ्हायचं, खायचं, जायचं फुकट न्हाई. त्येच्यावर परत डेव्हलपमेंट फी असती, डिपॉझिट असतं, ड्रेस असतो. म्हनून मी कॉलेजाची छापलेली फी बगतच न्हाई. त्यातनं माफी काडायची, आनि उरलेल्यात ऱ्हायचं-खायचं-जायचं घालायचं. कधीकधी लई फी असलेलं कॉलेज सस्तं पडतं आनि दारापुढं बस येनारं म्हागात जातं. हे पटवून द्यायला मला जेवढं बोलायला लागतं तेवढं मी माज्या सासूबरोबरबी बोलत न्हाई.

आता अश्विनीचं सांगते. तेच सांगायचं हुतं.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस हुता, पाचला बंद. दुकान गच्च. तीन मानसं आत आली, मच्छिंद्रभाऊ, त्यांची बायको सुमनबाई, आनि लेक अश्विनी. गाव डोंगराच्या कडंला. नवरा-बायको दरसाल ऊस तोडायला कारखान्यावर जात्यात, दिवाळीच्या म्होरं-मागं निघत्यात ते उन्हाळ्यालाच परत. पोरगी गावात आजीपाशी ऱ्हाऊन शिकली. निकाल दाखवला. नव्वदच्या वर पर्सेंटाइल. मी परत वाचला. असे मार्क आमच्या खुर्चीपुढं लई कमी येत्यात.

मी मागच्या वर्साची यादी उघडली, कुठल्या कॉलेजात कितीवर बंद झालं त्याची. अमरावतीच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल तिला लागत हुतं, काठावर न्हाई, चांगलं आत. आनि जवळचं एक खाजगी कॉलेज, ते तर कसंबी लागत हुतं. दोन्हीकडं शिकवनीची फी माफ. मी भाऊंना म्होरं बसवलं आनि सांगाया लागले. जवळच्या कॉलेजाला रोजची बस, त्या बसची वर्साची फी जेवढी, तेवढ्यात तिकडं सरकारी हॉस्टेलात ऱ्हायचं भागून मेसचंबी बरंच भागतं. डेव्हलपमेंट फी तिकडं थोडी, हिकडं लई. म्हंजे लांबचं सस्तं, जवळचं म्हाग.

भाऊ आयकून घेत हुते. मंग म्हनले, "हॉस्टेल लागनारच म्हंता?"

मी म्हनले, "त्ये मार्कावर असतं. यादी नंतर लागती. लागंल असं वाटतं."

"वाटतं म्हंजे?"

"म्हंजे नक्की न्हाई. न्हाई लागलं तर बाहेर खोली करावी लागंल, मंग तिकडचं म्हाग पडंल."

"म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई."

"न्हाई."

"मंग तुमाला इचारून काय उपेग, ताई?"

त्यांचं खरं हुतं. परी माजी साडी वडत हुती, पाठीमागं कुनीतरी "उरका की" म्हनत हुतं.

भाऊ म्हनले, "जवळचं एक नंबरला टाका. आधी हक्काचं, मंग मोठं."

मी रुमालाचं समदं सांगितलं. असं केलं तर जवळचंच लागंल आनि दार बंद. त्ये म्हनले, "मंग लागू द्या की. तेच पायजे."

"आप्पा, अमरावती," पोरगी म्हनली.

"अमरावती कुठंशी हाय ठावं हाय का तुला?"

"तुमी ऊस तोडाया पार बेळगावला जाता तवा लांब नसतं व्हय?"

"लई बोलायला शिकली तू."

"शिकलीय म्हनून तर आलो हितं."

दुकानातली दोघं-तिघं हसली. भाऊंना ते लागलं. त्ये उठले, फोन खिशात घातला आनि म्हनले, जरा चहा पिऊन येतो. आता हे बाहेरच्याला कळनार न्हाई म्हनून सांगते, यादी लॉक करायची तर नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आनि नंबर भाऊंचा हुता. पोरीपाशी फोन न्हाई. सीईटीचा अभ्यास तिनं चुलत्याच्या फोनवर केला, चुलता घरी असंल तेवढाच. म्हंजे यादी मी भरली तरी भाऊ चहाच्या टपरीवर बसून ऱ्हायले तर ती लॉक व्हनार न्हाई. आनि त्या टपरीवर त्या जवळच्या कॉलेजाचे एक सर सकाळपसून बसलेले, हँडबिलं घिऊन. त्यांना मी वाईट म्हननार न्हाई. त्यो मानूस तिथं शिकवायला हाय, एम टेक झालेला, आनि उन्हाळ्यात त्याला गावोगाव पोरं गोळा करत हिंडायला लावत्यात. एकदा मलाच म्हनला हुता, "ताई, माझीबी ॲडमिशन, म्हंजे नोकरी, ह्याच्यावरच अवलंबून हाय."

दुकान आनि टपरीच्या मधी पत्रा हाय. तिकडचं समदं हिकडं आयकू येतं. सर सांगत हुते, बस दारातनं, पोरगी संध्याकाळी घरी, काळजी न्हाई. भाऊ व्हय व्हय म्हनत हुते.

अश्विनी माज्यापाशीच बसलेली. हळूच म्हनली, "ताई, जवळचं लागलं तर एक वर्स करतील. मंग बसची फी कुठनं आननार? म्हनतील, बास झालं. पाव्हनं एकदा येऊन गेल्यात." रडली बिडली न्हाई. असंच सांगितलं, मार्क सांगितल्यासारखं. मी घड्याळ बगितलं, चार वाजून गेलेले. हे माज्या हातात न्हाई, आनि उद्या लोकं मलाच म्हननार, तिनं भरलं. तिला म्हनावं अमरावती वर टाकू नको, तर तेबी पाप. टाक म्हनावं आनि हॉस्टेल न्हाई लागलं, तर तेबी माज्याच नावावर.

सुमनबाई तोवर एक शब्द बोलल्या न्हवत्या. दाराशी पिशवी घिऊन उभ्या हुत्या. त्यांनी पिशवी माज्या टेबलावर ठिवली आनि बाहेर गेल्या. पत्र्याच्या पलीकडनं आवाज आला.

"फोन द्या."

"कशाला?"

"त्या ताईला लागतोय."

"न्हाई देत. पोरीची जात हाय. लांब हाय. तिकडं कोन बगनार तिच्याकडं?"

सर म्हनले, "तेच तर मी म्हनतोय वैनी, पैशाचं जाऊ द्या, पन..."

"तुमी थांबा हो सर," सुमनबाई म्हनल्या. मंग नवऱ्याला म्हनल्या, "आपुन सा-सा महिने उसाच्या फडात असतो. सासूबाईंना दिसत न्हाई, आयकू येत न्हाई. तवा कोन बगतं तिच्याकडं?"

पलीकडं कपबशी ठिवल्याचा आवाज आला. मी हिकडं बसून अर्धा तास पैशाचा हिशेब मांडत हुते, बस किती, मेस किती, आनि भाऊ माज्यापुढं मान हलवत बसलेले, आनि त्यांचा हिशेब सगळा दुसराच चाललेला. तो त्यांनी मला सांगितला न्हवता आनि मीबी इचारला न्हवता. परी माज्या मांडीवर चढून बसली हुती. तिला मी घट्ट धरलं ते तिला आवडलं न्हाई, ती चुळबुळ कराया लागली.

सुमनबाई फोन घिऊन आत आल्या. मागनं भाऊ आले, पन आत न्हाई, उंबऱ्यावरच थांबले. मी यादी भरली. एक नंबरला अमरावती. त्याखाली दुसरी सरकारी, त्याखाली बाकीची, आनि जवळचं सगळ्यात खाली. अश्विनीला परत एकदा वाचून दाखवली, कारन मला माजाच भरवसा वाटंना. मंग भाऊंकडं बगितलं. त्ये रस्त्याकडं बगत हुते. न्हाई म्हनले न्हाईत.

बटन दाबलं. गोल चक्कर फिराया लागली. शेवटच्या दिवशी साइट लई हळू चालती, समद्या महाराष्ट्राची लेकरं त्याच टायमाला तिथं. चक्कर फिरतीय, फिरतीय, आनि दुकानातली मानसं माज्या मागं येऊन उभी ऱ्हायलेली. मंग फोन वाजला. सुमनबाईंनी डोळ्यापासनं लांब धरला आनि एक एक आकडा सांगितला, मोठ्यानं, सावकाश, फडात मोळ्या मोजल्यासारखा. शाळेत गेलेल्या न्हाईत, पन आकडे येत्यात त्यांना. मी टाकले. हिरवी खूण आली.

भाऊ उंबऱ्यावरूनच म्हनले, "आता मागं घेता न्हाई ना येत?"

"न्हाई."

"बरं." जरा थांबून म्हनले, "आता पाव्हन्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी इलेक्ट्रिकलला गेली," सुमनबाई म्हनल्या. "कुनाच्या डोक्यात उजेड पडला तर पडला."

समदे हसले. टपरीवरचे सरबी पत्र्यापलीकडनं हसले, मी आयकलं.

मला वाटलं आता झालं. पन न्हाई. यादी लागली, अमरावतीच लागलं, भाऊ जाऊन ॲडमिशन करून आले, आनि हॉस्टेलच्या पहिल्या यादीत पोरीचं नाव न्हाई. सुमनबाईंचा फोन आला तवा मी भाकरी थापत हुते, ती तव्यावरच करपली. भाऊंनी फोन घेतला आनि एवढंच म्हनले, "ताई, तुमचं वाटतं ते नुसतं वाटतंच निघालं बगा." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पोरगी तिकडं तीन पोरींबरोबर बाहेर खोलीत ऱ्हायली. खोलीसाठी घरची शेळी इकली असं मला गावातल्या एकानं सांगितलं, भाऊंनी सांगितलं न्हाई. मी रोज दुकानात आल्या आल्या कॉलेजाच्या साइटवर दुसरी यादी लागली का बगायचे. अन्नादादा म्हनायचे, अगं, तुजं काम झालं ना, पैसे आले ना, मंग? मी काय सांगू त्यांना. त्या दिवसांत माज्याकडं दुसऱ्या दोन पोरी आल्या, अशाच, चांगल्या मार्काच्या, आनि लांबचं वर टाका म्हनायला माजं तोंड उघडंना. हिशेब सांगितला, आनि तुमचं तुमी ठरवा म्हनले. दोघींनीबी जवळचं टाकलं. त्यांचं बरं चाललं असंल. मला म्हाईत न्हाई, त्या परत आल्या न्हाईत.

दुसरी यादी सनाच्या तोंडावर लागली. अश्विनीचं नाव हुतं. मी फोन केला तर भाऊंना आधीच कळलेलं, त्ये निघालेबी हुते तिकडं, पोरीची ट्रंक खोलीतनं हॉस्टेलात टाकायला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात त्यांचा फोन आला. आवाज मोठा, रस्त्यावरचा गलका.

"ताई, हॉस्टेलच्या दारात हाय."

"झालं का समदं?"

"कशाचं झालं! दारावर एक बाई बसलीय, मला आत सोडंना. म्हनलं, अवो मी बाप हाय, ट्रंक जड हाय, वर ठिवतो आनि लगीच येतो. म्हनली, बाप असा न्हाईतर कलेक्टर असा, पुरुष मानूस आत न्हाई. म्हनलं, लई लांबनं आलोय, जामखेडवरनं. म्हनली, चंद्रावरनं या, न्हाई म्हंजे न्हाई. ट्रंक पोरींनीच उचलून नेली."

"मंग आता तुमी कुठं?"

"हितंच. दाराबाहेर. झाडाखाली बसलोय. सगळ्यांदेखत बोलली मला." आनि मानूस हसत हुता. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना आयकलं न्हवतं. "लई कडक बाई हाय ताई, लई कडक. बाप असून सोडलं न्हाई."